सुपातला खडा

बीरगांवच्या दवाखान्यात मी रोज अनोळखी लोकांना सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार समजावते, आणि ते ऐकतात. घरात मात्र माझं कोणी ऐकेल तर शपथ.

माझ्या धाकट्या भावाचं, लोकेशचं, लग्न ठरलं. मुलगी भनपुरीची, सोनिया. लोकेशच्या रक्तात सिकल अर्धं आहे, म्हणजे त्याला आजार नाही, पण मुलांकडे जाऊ शकतं; तपासणी मीच केली होती. साखरपुड्याआधी सोनियाचीही करून घेऊ, एवढंच मी म्हटलं. झालं, बाबांनी घर डोक्यावर घेतलं.

"आपण बुद्धाचे लोक," ते पेपर मांडीवर टाकून म्हणाले. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून ते बोलत नाहीत, भाषणं देतात. "माझ्या बापानं पत्रिका पाहणं सोडलं, अन तू आता रक्ताची पत्रिका काढून राहिली?"

"दीदी, मैं तो एकदम फिट हूँ," लोकेशने मोबाईलमधून मान वर न काढता सांगितलं.

"तू फिटच राहशील. तुझ्या पोरांचं म्हणून राहिली मी. लग्न मोडा म्हणत नाही, पण आधी माहीत तर पाहिजे."

पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी वैतागून मी आईच्या हातातलं सूप ओढलं. ती तांदूळ निवडत होती.

"हा लोकेश. एक दाणा, एक खडा. सोनियाही अशीच निघाली तर? लेकराले दोघांकडून एकेक भेटते. दोन्ही दाणे आले तर काहीच नाही. एक दाणा, एक खडा आला तर लोकेशसारखं. दोन्ही खडे आले की आजार. चारात एक वेळ."

"म्हणजे पहिल्याले झालं तर पुढचे तीन सुटले," बाबा म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. "नाही सुटत, बाबा. दर लेकराले पहिल्यापासून तेच. हातपाय ठणकतात, डोळे पिवळे होतात, अंगात रक्त टिकत नाही."

आई पुढे सरकली. "हातपाय ठणकतात? लेकरू रात्रभर रडते?"

"हो."

"आपला शिशिर तसाच रडे."

शिशिर माझ्याआधीचा. चार वर्षांचा होऊन गेला. तापाने गेला असं घरात सांगत, आणि आजी म्हणायची, आईच्या पायगुणाने. बारा वर्षं मी लोकांना विचारतेय, घरात लहानपणी कोणी गेलं का. आईला एकदाही विचारलं नव्हतं. माझी मलाच चीड आली.

"तो खडा मी देल्ला काय?" आईने विचारलं.

"एक तू, एक बाबांनी. दोष कोणाचाच नाही, आई."

तिने सुपातला एक खडा उचलून बाबांच्या पेपरावर ठेवला.

"तुमची माय मरेपर्यंत मलेच बोलली," ती म्हणाली. "तुम्ही बाजूले बसून ऐकत राहिले. आता उठा, अन भनपुरीले फोन लावा."