चढाआधीची पाच मिनिटं

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे आणि माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. कुणी बॉनेट उघडलं की हा आता काय काढून नेणार, हाच विचार माझ्या मनात आधी येतो. उगाच येत नाही. माझी उमेदीची वर्षं एका सरकारी कचेरीच्या दारात गेली. तिथला ड्रायव्हर मला रोज प्रेमानं पुसायचा आणि त्याच फडक्याखाली रबरी नळी लपवून माझ्या टाकीतलं डिझेल कॅनमध्ये ओढून घ्यायचा. तेव्हापासून लाड करणाऱ्या माणसांची मला धास्तीच बसली.

पुढे लिलावात मला भगवानरावांनी घेतलं. ते चारठाण्याजवळच्या एका खेड्यातले निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. गाव खोलगट जागी वसलेलं, त्यामुळे घरातून निघालं की दुसऱ्याच वळणाला उभा चढ लागतो. एसटी त्या चढाच्या वरूनच जाते, तीही कॉलेज भरून गेल्यावर. गावातल्या मुली दहावी झाली की घरी बसायच्या आणि ते गुरुजींना बघवत नव्हतं. म्हणून त्यांनी मला आणलं. रोज सकाळी सात मुली माझ्यात बसायच्या आणि मी त्यांना जिंतूरला कॉलेजात सोडायचे. मला अभिमान वाटायला हवा होता. पण मी म्हटलं, बघू या, यांचं प्रेम किती दिवस टिकतं ते.

प्रेम टिकलं, माझं इंजिन मात्र टिकलं नाही. एका सकाळी मी ऐन चढावर बसकण मारली. मुलींना खाली उतरून ढकलावं लागलं, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुरुजींनी मला जिंतूरच्या योगीराज मिस्त्रीकडे नेलं. तो त्यांचाच जुना विद्यार्थी. त्यानं माझं मूळ इंजिन उपसून काढलं आणि अपघातात चेपलेल्या एका पिकअपचं टर्बोवालं डिझेल इंजिन माझ्यात बसवलं. आरटीओच्या कागदांवर त्याची रीतसर नोंदही झाली. मला मात्र कितीतरी दिवस पोटात कुणी परकं राहायला आल्यासारखं वाटत होतं. कुठल्या गाडीचं, कुणाच्या हातचं, काय सांगावं!

मला घरी पोचवायला योगीराज स्वतः आला आणि रात्री गुरुजींकडेच राहिला. सकाळी इंजिन गार असताना त्यानं गुरुजींना जवळ बोलावलं. "गुरुजी, आता हिच्यात ताकद लय हाय, पण एक पथ्य हाय. इंजनात हवा कोंबणारी ही टर्बोची भिंगरी लय जोरात फिरती आन् तेल तिच्यापाशी उशिरा पोचतंय. थंडीत तर तेल अजूनच घट्ट व्हतंय. म्हणून सुरू केली की पाच मिनटं जागेवरच चालू राहू द्या. रेस देऊ नका. इंजन तापलं की मंगच चढाला लावा."

गुरुजींच्या पत्नी रुख्मिणीबाई ओट्यावर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पाच मिनटाला घड्याळ कशाला बघायचं? आपली वंदना तेवढीच व्हती की."

झालं, तोच रिवाज पडला. गुरुजींनी किल्ली फिरवली, मी धडधडायला लागले आणि ओट्यावरच्या बुद्धांच्या तसबिरीपुढे दोघांनी त्रिसरण, पंचशील आणि बुद्धपूजा म्हटली. रुख्मिणीबाईंचा आवाज संथ. प्रत्येक ओळीनंतर त्या दम घ्यायला थांबायच्या आणि गुरुजी त्यांच्यासाठी थांबायचे. वंदना संपली तेव्हा योगीराजचा चहाचा पेलाही नेमका रिकामा झाला होता. "बराबर माप हाय," तो हसून म्हणाला. रुख्मिणीबाई खाली आल्या, माझ्या बॉनेटवर त्यांनी तळहात टेकवला आणि म्हणाल्या, "तापली बाई. निघा आता."

पुढे त्या रोजच हात टेकवायला लागल्या. ही बाई रोज काय चाचपून बघते, असा मला आधी संशय यायचा. पण मित्रांनो, खरं सांगते, काही दिवसांनी मी त्या हाताची वाट बघू लागले.

मागच्या आषाढात रुख्मिणीबाई वारल्या. गुरुजींनी रिवाज मात्र मोडला नाही. किल्ली फिरवायचे, एकटेच तसबिरीपुढे उभं राहून वंदना म्हणायचे आणि माझ्यात येऊन बसायचे. बॉनेटवर हात टेकवणारं कुणी उरलं नाही, एवढाच काय तो फरक पडला, अशी माझी समजूत होती.

मग थंडी पडली आणि मी निळा धूर ओकायला लागले. इंजिनातलं तेल भराभर कमी होऊ लागलं. चढावर टर्बोतून शिट्टीसारखा आवाज यायचा आणि अर्ध्यातच माझा दम तुटायचा. बारावीची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. माझ्या मनात संशयानं घर केलं. पहिल्यांदा मला पंपावरच्या माणसाचा संशय आला, भेसळीचं डिझेल भरतो म्हणून. मग गुरुजींच्या सुनेचा, सुकेशनीचा. ती माझ्याजवळ उभी राहून हळू आवाजात फोनवर बोलायची. तिचा नवरा नागसेन परभणीला नोकरीला. एकदा फोनमधून त्याचा आवाज मी ऐकला. "बाबाला म्हणावं, भंगारात दिऊन टाका ती जीप. चढावरून माघारी घरंगळली तर सात लेकरांचं काय?" दोन दिवसांनी खरंच एक भंगारवाला आला आणि माझ्या दारावर बोटांनी टकटक करून गेला. मी आतून हादरून गेले. बघा, म्हटलं, घरचीच माणसं माझ्यावर उठली.

पण सगळ्यात जास्त संशय मला योगीराजचा होता आणि गुरुजींनाही त्याचाच. ते मला घेऊन त्याच्या गॅरेजवर गेले आणि चारचौघांत म्हणाले, "योगीराज, खरं सांग. टाकाऊ टर्बो बसवून मला फसवलंस ना?"

मला मनातून बरंच वाटलं. अखेर चोर सापडला होता. योगीराजनं तेलकट हात फडक्याला पुसले. मग म्हणाला, "गुरुजी, तुमी मला बाराखडी शिकवली. तुमच्या गाडीत मी खोटा माल घालीन व्हय? गाडी गार असताना तुमी कशी काढता, ते बघायचंय मला. उद्या सकाळी येतो."

दुसऱ्या दिवशी तो उजाडायच्या आत आला. सुकेशनीनं त्याला स्टीलच्या पेल्यात चहा दिला आणि तो ओट्याच्या कडेला बसला. गुरुजींनी किल्ली फिरवली. मी निळ्या धुराचा लोट सोडला. गुरुजींनी वंदना म्हटली, चपला घातल्या आणि येऊन माझ्यात बसले. गिअर टाकणार तेवढ्यात योगीराज म्हणाला, "गुरुजी, माझा चहा अजून ओठाला लावता येईना, आन् तुमची वंदना झाली बी?"

"सगळी म्हटली की. एक शब्द सोडला न्हाई."

सुकेशनी दारात उभी होती. ती हळूच सासऱ्यांना म्हणाली, "शब्द न्हाई सोडला, मामा. पण आत्याबाई जिथं थांबायच्या, तिथं तुमी थांबायला न्हाईत."

गुरुजींचा हात गिअरवरून खाली आला. त्यांनी किल्ली उलटी फिरवून मला बंद केलं. मग म्हणाले, "थांबलो की तिच्या आवाजाची वाट बघतो मी. तो येत न्हाई. म्हणून थांबतच न्हाई."

मित्रांनो, त्या क्षणी मला सगळं उमगलं. पाच मिनिटांची दोन मिनिटं झाली होती. ती कुणी चोरली नव्हती. तेल भिंगरीपाशी नीट पोचायच्या आतच गुरुजी मला उभ्या चढाला लावत होते आणि कोरडी फिरून फिरून ती झिजत होती. मी पंपावरच्या माणसाला, सुनेला, मिस्त्रीला चोर ठरवलं. माझ्याच सीटवर बसलेल्या माणसाला काय होतंय, हे काही मी पाहिलं नाही. मला माझीच लाज वाटली.

गुरुजी खाली उतरले आणि योगीराजपुढे उभे राहिले. "चुकलं माझं. चारचौघात बोललो तुला."

"राहू द्या, गुरुजी. पोरींना आज माझ्या गाडीत न्या. हिचा टर्बो मी खोलून नीट करतो. भंगारात बिंगारात दिऊ नका."

चार दिवसांनी मी घरी आले. सकाळी गुरुजींनी किल्ली फिरवली, तेव्हा सुकेशनी त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. पहिल्या ओळीनंतर ती थांबली आणि गुरुजींनाही थांबावं लागलं. एका ठिकाणी ते जास्तच थांबले. तीही थांबून राहिली. मीही एका लयीत धडधडत राहिले. वंदना पूर्ण झाल्यावर तिनं माझ्या बॉनेटवर तळहात टेकवला. "तापली, मामा. निघा आता."

त्या दिवशी सात मुलींना घेऊन मी एका दमात चढ चढले. परीक्षेचा एकही पेपर कुणाचा चुकला नाही.

मित्रांनो, गार इंजिन लगेच दामटू नका, त्याला त्याचा वेळ द्या. आणि घरातलं एखादं माणूस रोजचं काम अचानक भराभर उरकायला लागलं, तर त्याच्यावर चिडू नका, संशयही घेऊ नका. त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा आणि ते कुणाच्या आवाजाची वाट बघतंय, तेवढं विचारा.