दहा-बारा वर्षांची ओळख

ईश्वर टिपणिसांच्या तोंडून खोटं निघालं ते एका रविवारी सकाळी, अर्ध्या गालाला दाढीचा साबण लागलेला असताना. गंमत म्हणजे ते खोटं दुसऱ्याच्या भल्यासाठी होतं. स्वतःच्या भल्यासाठी खोटं बोलायची त्यांची छातीच नव्हती. तीस वर्षं विमा कचेरीत नोकरी केलेला माणूस. रजेच्या अर्जात पोटदुखी लिहायची असली तर आदल्या दिवसापासून पोट धरून बसायचा.

"सेक्रेटरीसाब, पुलिसवाला आया है," वॉचमन जिन्यातून ओरडला, आणि टिपणिसांनी तसंच दार उघडलं. हवालदार शेजारच्या पंडागळ्यांकडून निघून त्यांच्याकडे आला होता. पंडागळ्यांची मुलगी संघप्रिया नर्स होती. तिला आयर्लंडमध्ये, डब्लिनला, म्हाताऱ्या माणसांच्या एका इस्पितळात नोकरी मिळाली होती. पासपोर्टचा अर्ज गेला होता आणि नियमाप्रमाणे शेजाऱ्यांचे जबाब घ्यायचे होते.

"मुलीला ओळखता?" हवालदाराने विचारलं.

सरळ उत्तर एवढंच होतं की दोन वर्षांपासून शेजारी राहतात, माणसं चांगली दिसतात. शहाण्या माणसाने तेवढं सांगून दार लावलं असतं. पण टिपणिसांना नेमकी त्याच वेळी दोन वर्षांपूर्वीची कमिटीची मीटिंग आठवली.

कोंडिराम पंडागळे मूळचे परभणीकडचे, पोस्टात सॉर्टर. काशीगावच्या चाळीतून निघून त्यांनी भाईंदरच्या इंद्रलोक भागातल्या या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घ्यायचं ठरवलं, तेव्हा मीटिंगमध्ये टिपणिसांनीच चष्मा पुसत विचारलं होतं, "पंडागळे म्हणजे कुठले?" पुढे कोणाला काही बोलावं लागलं नाही. पंडागळ्यांकडून दोन प्रतिष्ठित माणसांची पत्रं मागवायचं ठरलं. बिल्डिंगमधल्या बाकी तेवीस बिऱ्हाडांकडे असलं पत्र कोणी मागितलं नव्हतं. स्वतः टिपणिसांना तेव्हा गिरगावातून येऊन दोनच वर्षं झाली होती. बिल्डिंगचं वयही तेवढंच. किनाऱ्यावरच्या पालीहून मासे घेऊन येणारी शेवंती तर त्यांच्या तोंडावर म्हणायची, "भायंदरचे तुमी न्हाय, टिपनीस. तुमी कालचे हाय." पण कालच्या माणसाला आज आलेल्याची चौकशी करायची भारी हौस असते. कोंडिरामनी पोस्टमास्तरांचं आणि काशीगावच्या हेडमास्तरांचं अशी दोन पत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणून दिली. टिपणिसांनी ती फाईलला लावली. त्यानंतर दोन वर्षांत जिन्यात "काय, बरंय ना?" यापलीकडे संबंध गेला नाही. दिवाळीचं ताट दारातच बदललं जायचं.

हे सगळं आठवलं आणि टिपणिसांना स्वतःची लाज वाटली. लाज वाटली की माणूस एकतर गप्प बसतो, नाहीतर जास्त बोलतो.

"ओळखता म्हणजे काय!" ते म्हणाले. "पोरगी आमच्या डोळ्यांसमोर वाढलीय. दहा-बारा वर्षं ओळखतोय या लोकांना. सोन्यासारखी माणसं आहेत."

हवालदाराने लिहून घेतलं. जन्मभर लोकांना 'वाचल्याशिवाय सही करू नका' असं बजावणाऱ्या टिपणिसांनी न वाचता सही ठोकली. मग ते आत आले, उरलेली दाढी केली आणि फार मोठं सत्कृत्य केल्याच्या समाधानात दोनदा पोहे मागून घेतले.

तीन आठवड्यांनी, सप्टेंबरच्या एका सोमवारी संध्याकाळी, कोंडिराम दारात आले. चेहरा उतरलेला होता.

"साहेब, फाईल अडकली आमची."

"का? काय झालं?"

"जबाब आन् कागद जुळंनात म्हणं. कागदावर दोन सालापूर्वीपर्यंतचा पत्ता काशीगावचा आहे. जबाबात कुणीतरी म्हणलंय, पोरगी हितंच वाढली, दहा-बारा वर्षांपासून. आता बिल्डिंगच चार वर्षांची, साहेब! चौकीतल्या साहेबाला वाटलं, आमचे कागदच खोटे. सध्या खोटे पासपोर्ट लई निघतात म्हणं. कुणी असं म्हणलं ते नाव काय सांगत न्हाईत."

टिपणिसांच्या तोंडचं पाणी पळालं.

"पंधरा नोव्हेंबरच्या आत हजर व्हायचंय तिला," कोंडिराम सांगत होते. "त्या तारखेला गेली न्हाई तर जागा दुसऱ्याला. लेकरानं हितली नोकरी तर सोडून दिली. तुम्ही सेक्रेटरी आहात, तुमच्या शब्दाला वजन आहे. उद्या माझ्यासंगं चौकीत याल का?"

"उद्या... उद्या कचेरीत तपासणी आहे," टिपणीस कसेबसे म्हणाले. मग विषय बदलावा म्हणून विचारलं, "पण इतक्या लांब कशाला धाडता मुलीला? तिथे आपलं कोणी आहे का?"

"तिची मैत्रीण क्षितिजा मार्चमध्ये गेली की. पत्र येतं तिचं." कोंडिरामनी खिशातून घडी काढली, पण वाचायची त्यांना गरज नव्हती, पत्र पाठ होतं. "तिथली माणसं आजवर पोटासाठी बाहेरच जायची म्हणं. घरटी एक तरी इंग्लंडला न्हाईतर अमेरिकेला. आता कुठं देशात पैसा आलाय आन् पहिल्यांदाच बाहेरची माणसं आत यायलीत. तर त्यांनाच समजंना, या लोकांशी वागावं कसं. घरमालकीण चांगली आहे, पहिल्याच दिवशी किल्ली हातात दिली. तिचा भाऊ लंडनला इमारतीच्या कामावर मेला होता, म्हणून तिला परक्याचं दुःख कळतं. पण शेजारीण सहा महिने झाले तरी पडद्याआडूनच बघते. बसमध्ये भेटलेला माणूस गोड हसतो आन् विचारतो, परत कधी जाणार?" कोंडिराम जरासे हसले. "मी म्हणलं पोरीला, पडद्याचं काही वाटून घेऊ नको. त्याची सवय आहे आपल्याला."

टिपणिसांना ते हसणं फार लागलं. पण 'तो जबाब माझाच' हे तीन शब्द काही तोंडातून बाहेर पडेनात. "गुरुवारी बघू," असं म्हणून त्यांनी दार लावलं.

त्यानंतरचे दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी गत. पोलिसाला खोटा जबाब दिला म्हणून खटला झाला तर? रिटायर व्हायला दोन वर्षं उरली असताना कचेरीत कळलं तर? आणि गप्प बसलो तर त्या मुलीचं काय? बाजारात त्यांना तोच हवालदार दिसला तेव्हा ते कोथिंबिरीच्या ढिगाआड वाकून उगाच जुड्या निवडत राहिले आणि नको असताना तीन जुड्या घेऊन आले. जिन्यात संघप्रिया भेटली. "काका, पाणी आलंय, मोटर लावू का?" तिने नेहमीसारखंच विचारलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. टिपणीस "हो हो" म्हणत दोन-दोन पायऱ्या चढून घरात शिरले. भिंतीपलीकडून तिच्या आईचा आवाज यायचा, "जाऊ दे माय, हितंच कुठंतरी बघ." त्यावर मुलीचं उत्तर ऐकू यायचं नाही, आणि ते ऐकू येत नाही म्हणून टिपणिसांचा जीव आणखीच टांगणीला लागायचा.

गुरुवारी सकाळी त्यांनी कचेरीला दांडी मारली आणि बायकोला सगळं सांगून टाकलं. मनोरमाबाई मेथी निवडत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला.

"तुम्ही सांगितलंत ते? दहा-बारा वर्षं?"

"चांगल्यासाठीच सांगितलं गं. मला काय माहीत असं अंगाशी येईल?"

"आणि तो बिचारा माणूस तुमच्याच दारात मदत मागायला आला, तरी गप्प बसलात?"

"पोलिसांचं काम आहे, मनू. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात..."

"ती तुम्ही त्याच दिवशी चढलात. आता उठा, शर्ट घाला." त्यांनी मेथी तशीच टाकली, शेजारची बेल वाजवली आणि फक्त एवढंच सांगितलं की हे चौकीत येतायत, सगळेच जाऊ. स्वतःही निघाल्या. नवरा वाटेतूनच परत फिरेल, अशी त्यांना खात्री होती.

चौकीतला सबइन्स्पेक्टर तरुण होता, पण चेहऱ्यावर दहा माणसांचा कंटाळा होता. टेबलासमोर टिपणीस, कोंडिराम आणि संघप्रिया. मागे भिंतीशी बाकावर मनोरमाबाई आणि संघप्रियाची आई जाईबाई. फाईल उघडली गेली.

"साहेब, तो जबाब माझा आहे. तो खोटा आहे. यांचे कागद खरे आहेत."

कोंडिरामनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "मी तुमच्याकडंच आलो होतो, साहेब," एवढंच ते म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं टिपणिसांना वाटलं.

"काय मिळालं खोटं बोलून?" सबइन्स्पेक्टरने विचारलं.

"काही नाही. लाज वाटली हो."

"कसली लाज?"

"भिंतीला भिंत लागून राहतात, आणि मला यांचं काहीच माहीत नव्हतं. मुलीच्या आईचं नावसुद्धा माहीत नाही मला, साहेब. आजही नाही." मागे बाकावर जाईबाईंनी पदर सावरला.

सबइन्स्पेक्टरने पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुमचा जबाब रद्द. बरोबरच आहे ते. पण मग हिच्याबद्दल सांगणारं राहिलं कोण? हवालदाराने तुमच्या बिल्डिंगमध्ये आणखी दोन दारं वाजवली होती. दोघंही म्हणाले, नवीन लोक आहेत, आम्ही ओळखत नाही. मी काय लिहून पाठवू वर? शेजारी कोणी ओळखत नाही, आणि जो ओळखतो म्हणाला तो खोटं बोलला?" त्याने संघप्रियाकडे पाहिलं. "तूच सांग. बिल्डिंगमधलं एक नाव सांग. तुला नीट ओळखतं असं कोणी आहे?"

संघप्रियाने क्षणभर मान वळवली. बाकाकडे गेलेली नजर तिने लगेच परत टेबलावर आणली.

"कोणी नाही, साहेब."

"नीट विचार कर. हे असंच गेलं तर पासपोर्ट होणार नाही."

"माहीत आहे साहेब. पण नाही कोणी."

कोंडिरामनी डोळे मिटून घेतले. खरं बोलून टिपणिसांनी मुलीचं उरलंसुरलं दारही बंद केलं होतं. आता काय बोलावं, कोणाच्या पाया पडावं, काही म्हणता काही सुचेना. तेवढ्यात मागे बाक करकरला.

"मी ओळखते हिला," मनोरमाबाई म्हणाल्या.

"अगं, तू कशाला मध्ये..." टिपणीस घाबरून कुजबुजले. बाई खोटं बोलून आणखी घोळ करणार, असंच त्यांना वाटलं.

मनोरमाबाई त्यांना ओलांडून टेबलाशी आल्या. बोलताना त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. "गेल्या ऑक्टोबरात मला छातीत गाठ लागली, साहेब. दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी हिला जिन्यात गाठलं. हिने तपासलं आणि स्वतःची रजा टाकून मला बोरिवलीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासणीसाठी तुकडा काढला, तेव्हा माझा हात हिने धरला होता. आठ दिवस रिपोर्ट यायचा होता. ते आठ दिवस ही रोज दुपारी ड्यूटी संपवून माझ्यापाशी येऊन बसायची. एकदा घरात कोणी नसताना हिने यांच्या घरी मला जेवू घातलंय. गाठ साधी निघाली. मी हिला शपथ घातली होती, कोणाला सांगू नकोस. तुझ्या घरच्यांनासुद्धा." त्यांनी पदराने डोळे पुसले. "आत्ता तुम्ही नाव विचारलंत. एक नाव घेतलं असतं तर हिचं काम झालं असतं. पण माझी गोष्ट उघडी पडू नये म्हणून पोरगी गप्प राहिली. चारित्र्याचा दाखला अजून कसला हवाय तुम्हाला?"

टिपणीस मनात हिशेब करू लागले. गेला ऑक्टोबर. गेल्या ऑक्टोबरात आपण काय करत होतो? पाण्याच्या टाकीचं काम चालू होतं, त्यावरून कमिटीत भांडत होतो.

"मिस्टरांना माहीत नव्हतं?" सबइन्स्पेक्टरने आवाज खाली आणून विचारलं.

"नाही."

"का बरं?"

"सांगितलं असतं, तर त्यांनी पहिल्यांदा विचारलं असतं, कोणाबरोबर गेली होतीस?"

टिपणिसांना हे खोटं म्हणायची सोय नव्हती. त्यांनी तेच विचारलं असतं.

सबइन्स्पेक्टरने कोरा कागद ओढला. "किती वर्षं ओळखता?"

"पुढच्या महिन्यात एक होईल."

"म्हणजे एकही पूर्ण नाही," तो म्हणाला, पण तसंच लिहिलं. मनोरमाबाईंनी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली, एके ठिकाणी तारीख दुरुस्त करून घेतली आणि मग सही केली. टिपणिसांच्या जुन्या जबाबावर तिरकी रेघ मारली गेली आणि तिच्याखाली त्यांची सही घेतली. "पुन्हा अशी मदत कोणाला करू नका," सबइन्स्पेक्टर त्यांना म्हणाला. मग कोंडिरामना सांगितलं, "फाईल उद्या ठाण्याला जाईल. वेळेत होईल काम."

कोंडिरामनी हात जोडले. जाईबाईंनी संघप्रियाला जवळ ओढलं आणि सगळ्यांच्या देखत तिचा मुका घेतला.

बाहेर ऊन तापलं होतं. रिक्षा आली तशी तिन्ही बायका तिच्यात बसल्या. पुरुषांनी मागच्या रिक्षाने यायचं, असं न बोलताच ठरलं. रिक्षावाल्याने मीटर पाडला, तेव्हा टिपणीस पुढे झाले आणि दांडी धरून उभे राहिले. बायको समोरच बसली होती. पण तिला विचारायचा धीर होईना, म्हणून त्यांनी कडेला बसलेल्या संघप्रियाला विचारलं.

"आता... आता बरी आहे ना ही?"

संघप्रियाने आधी मनोरमाबाईंकडे पाहिलं. त्यांनी हळूच मान हलवली, तेव्हा कुठे ती बोलली.

"बऱ्या आहेत, काका. पण दर सहा महिन्यांनी दाखवायला सांगितलंय. पुढची तारीख वीस नोव्हेंबर आहे." ती थांबली. "मी नसेन तेव्हा. तुम्ही न्याल ना त्यांना?"