शेवटच्या वाटीतल्या चिठ्ठ्या

ही गोष्ट २०२१ सालची, तीर्थपुरीची. मित्रांनो, मी एक जुना मसाल्याचा डबा आहे. मैमूनाच्या लग्नात तिच्यासोबत आलो आणि वीस वर्षं तिची हळद, तिखट, जिरं सांभाळलं. मग झाकण चेपलं, नवा डबा आला, माझी रवानगी माळ्यावर झाली.

तिथून मला तिच्या मुलीनं, साजियानं बारावीच्या वर्षी उतरवलं. तिला नर्स व्हायचं होतं. पण दहावी-अकरावीत केलेली घोकंपट्टी पेपर होताच पुसली जायची. ती कशीबशी पास व्हायची. शेजारच्या निवृत्त शिक्षिका उषाबाई म्हणाल्या, "अगं, नुसतं वाचू नकोस. स्वतःला विचार. उत्तर आलं की काही दिवस जाऊ दे, पुन्हा विचार."

म्हणून माझ्या पाच वाट्यांत चिठ्ठ्या आल्या. पुढं प्रश्न, मागं उत्तर. पहिली वाटी रोजची, दुसरी तीन दिवसांची, मग आठवड्याची, महिन्याची आणि शेवटची तीन महिन्यांची. उत्तर आलं की चिठ्ठी पुढच्या वाटीत. चुकलं की थेट पहिलीत.

"हळदीत बायोलॉजी मुरवून राह्यलीस का?" भाऊ फहीम हसायचा.

विचारायला मैमूना बसायची. तिला वाचता येत नव्हतं. चिठ्ठी पोरीसमोर धरून ती म्हणायची, "बोल."

"बराबर सांगितलं, अम्मी."

"बिलकुल न्हाई. तुझी नजर हलली. टाक पहिल्या वाटीत."

मागं उलटून पाहिलं की बहुतेक वेळा मैमूनाच खरी निघायची.

जूनपर्यंत सगळ्या चिठ्ठ्या शेवटच्या वाटीत पोचल्या. त्याच महिन्यात साथीमुळं बारावीची परीक्षा रद्द झाली. निकालात मुख्यतः दहावी-अकरावीचे गुण धरले गेले. नर्सिंगच्या यादीत साजियाचं नाव आलं नाही.

"अम्मी, मला समदं येत होतं. कुणी विचारलंच न्हाई."

मैमूनानं माझं झाकण लावलं.

पुढं उषाबाई मुलाकडं नाशिकला गेल्या. फहीम पुण्यात कामाला लागला. साजियाचं लग्न होऊन ती वाटूरला गेली. गेल्या ईदला माहेरी आली तेव्हा मैमूनानं मला उघडलं, एक चिठ्ठी तिच्यासमोर धरली. "बोल."

हृदयाच्या कुठल्या कप्प्यातलं रक्त कुठं जातं, ते साजियानं शीरखुर्मा ढवळता ढवळता सांगून टाकलं. नजर हलली नाही.

मैमूना चिठ्ठी हातात धरून बसून राहिली. शेवटच्या वाटीपुढं वाटी नव्हती.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवलं नाही तरी चालेल. पण तुमच्या घरात असं कुणी सगळं येत असून बसलेलं असेल, तर तिला एकदा तरी विचारा.