पास केलेले चारशे डबे

चारशे डबे परत आले तेव्हा जयवंतने पहिली गोष्ट कुठली केली, तर गुन्हेगार शोधायला घेतला. आधी आरशात बघावं, हे काही त्याला सुचलं नाही. मालक लोकांना ते सहसा सुचत नाहीच.

जयवंतचा गाळा चिंचपोकळी स्टेशनच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर. तिथे आरतीचे डबे बनत. बटण दाबलं की एकामागून एक तीस आरत्या. आरत्या एमपीथ्री करून, म्हणजे दाबून लहान करून, मेमरीत भरलेल्या. वाजवताना त्या पुन्हा उलगडायचं काम एका स्वस्त चिपचं, आणि ते कसं करायचं हे तिला सांगणारा प्रोग्राम मीनाक्षीने लिहिलेला. आठ महिने खपली होती पोरगी. अशा चिपला दशांश चिन्हाचं वावडं. सगळे हिशेब पूर्णांकांत कोंबावे लागतात. तिने ते असे कोंबले होते की पहिली आरती जयवंतनेसुद्धा पुन्हा लावून ऐकली.

मग गणपतीच्या तोंडावर जयवंतने त्याहून स्वस्त चिप आणली. ती एवढी मठ्ठ, की दर चौथ्या ओळीला आरती अडखळायची.

"आवाजाचे बत्तीस पट्टे करतेस ना?" जयवंत म्हणाला. "वरच्या, बारीक आवाजाच्या दहांचा हिशेब अर्धामुर्धा कर. कोण ऐकतंय?"

"झांजा तिथेच असतात सर. करकर येईल."

"माल सोमवारी दादरला जायचाय, मीनाक्षी. प्रवचन नको."

ती भांडली, आणि शेवटी तिने केलं. घाईघाईत एक भावगीत लावून पाहिलं, त्यात झांजा नव्हत्याच. गळा आणि पेटी ठीक वाटली. बाकी तात्या ऐकतीलच, असं म्हणून तिने कॉम्प्युटर बंद केला.

तात्या म्हणजे तिचे वडील, राजाराम. संपाआधी चौदा वर्षं गिरणीच्या लूमखात्यात विणकर. संप झाला, गिरणी गेली, आणि पुढची एकवीस वर्षं कधी वॉचमनकी, कधी भाजीची पाटी, बरेचदा नुसतं घरी बसणं. टेस्टिंगच्या खुर्चीवर त्यांना मीनाक्षीनेच बसवलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून ते नऊच्या आत हजर असत. प्रत्येक डबा कानाशी धरून अख्खी आरती ऐकत, आणि मगच हिरवं 'पास'चं स्टिकर लावत. चारशेच्या चारशे पास.

आता दादरचे दुकानदार रामदासशेठ समोर बसून तापले होते. "झांज वाजली की पत्रा खरवडल्यासारखा आवाज! गिऱ्हाईक डबा तोंडावर फेकतंय माझ्या."

जयवंतने एक डबा लावला. झांज आली, आणि मीनाक्षीच्या अंगावर सर्रकन काटा आला. शेठनी कानांवर हात ठेवले. समोरच्या टेबलाशी तात्या मात्र मान डोलवत शांत बसले होते.

तेव्हा तिला उमगलं. लूमखात्यात शेकडो माग एकदम धडधडायचे, तिथे माणसं एकमेकांचे ओठ वाचून बोलायची. तात्या घरीसुद्धा समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलत, आणि घरच्यांना वाटे, किती लक्ष देऊन ऐकतात! बारीक, उंच आवाज त्यांच्या कानांतून गिरणीने केव्हाच पळवले होते. त्याची नुकसानभरपाई कुणी दिली नव्हती, साधी चौकशीही केली नव्हती.

जयवंतलाही कळलं. त्याचा चेहरा केवढा खुलला! "शेठ, आमचा टेस्टर बहिरा निघाला. जुना गिरणीवाला, दया म्हणून ठेवला होता. आत्ताच्या आत्ता काढतो. मीनाक्षी, तसं लेटर टाइप कर शेठना."

तात्या जयवंतच्या तोंडाकडेच बघत होते. त्यांनी हातातलं स्टिकर हळूच टेबलावर ठेवलं.

मीनाक्षीच्या डोक्यात तिडीक गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा हुकूम लिहायचा संन्याशाच्या मुलीने! "लेटर मी लिहिणार नाही," ती उभी राहून म्हणाली. "शेठ, डबा मी बिघडवला, ह्यांनी सांगितलं म्हणून. स्वस्तातली चिप आणली, तिला झेपेना, म्हणून झांजांचा हिशेब तोडला. डबा टेस्टरकडे गेला तोच बिघडलेला."

शेठ उठून गेले. ऑर्डर गेली. जयवंत लालबुंद झाला. "बापाला घे आणि चालती हो! पुन्हा ह्या गाळ्यात दिसू नकोस."

जिना उतरेपर्यंत ती धुमसत होती. खाली रस्त्यावर येताच तात्याच तिच्यावर उखडले.

"नोकरी कशाला घालवलीस? एकदा माझ्या संपापायी घर उपाशी राहिलं, ते पुरलं नाही?"

"तुम्हाला बहिरा म्हणाला तो! खोटं खोटं तुमच्यावर ढकलत होता!"

"खोटं कुठलं? मला झांज ऐकू येत नाही. मला ठाऊक होतं गो."

ती अशी ओरडली, की समोरच्या पानवाल्यानेही मान वर केली. "ठाऊक होतं? मग चारशे स्टिकरं कशी लावलीत? माझ्या कामावर? एकदा, एकदा तरी बोलायचं होतं!"

"बोललो असतो तर खुर्ची गेली असती!" तात्यांचाही आवाज चढला. "एकवीस वर्षांत मला कुणी 'उद्या नऊला या' म्हणालं नव्हतं, मीना. आरतीला मी लोकांचे हात बघून टाळ्या वाजवतो. मला जेवढं ऐकू येत होतं तेवढं ऐकलं. आणि प्रोग्राम तुझा. तू लिहिलेलं चुकेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही."

मघापासून जयवंतवर, गिरणीवर, ह्या म्हाताऱ्यावर मीनाक्षी जळत होती, आणि आता तो सगळा जाळ फिरून तिच्याच अंगावर आला.

"चुकणार, हे मला माहीत होतं, तात्या," ती म्हणाली. "तुम्ही पकडाल, म्हणून मी सोडून दिलं."