कातर थांबली तो दिवस

मी एक जुनी कातर आहे, मित्रांनो. कापड बेतणारी नाजूक कात्री नव्हे. मेंढ्यांची लोकर उतरवणारी, चांगली दीड वीत लांब. माजलगावच्या एका लोहाराने मला घडवले आणि तेलगावजवळच्या म्हाळू धनगराच्या हाती दिले. सुग्रीवअण्णांसारखे जुने मेंढपाळही माझ्या धारेचे कौतुक करत. त्यामुळे मी थोडी शेफारले होते, हे कबूल करते.

यंदा दिवाळी सरली. म्हाळूच्या एकशेवीस मेंढ्या सिंदफणा नदीत धुऊन झाल्या. आमच्याकडे कातरणीला सावडीने जातात. आज सगळे एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे. सात जण आपापल्या कातरी घेऊन आले. म्हाळूची बायको छबुबाई सगळ्यांच्या स्वयंपाकाला लागली. एवढ्यात सुट्टीला आलेली लेक सुकन्या मोबाइल घेऊन धावत आली. ती गोव्याला समुद्राचा अभ्यास करते.

“आबा, आज कातरू नगा. बंगालच्या उपसागरात वादळ उठलंय.”

“समुद्र कुठं, तेलगाव कुठं!” सुग्रीवअण्णा हसले. “आमी कशाला आलोत मंग?”

म्हाळू मात्र हसला नाही. कातरलेल्या मेंढीच्या उघड्या अंगावर गार पाऊस बसला, तर ती गारठून मरते. त्यातून कितीतरी मेंढ्या गाभण होत्या.

“पर वादळ वाटंतच ढिलं पडतंय ना?” त्याने विचारले.

“एरवी पडतंय. वारं समुद्र घुसळतं, खालचं गार पानी वर येतं, वादळाची ऊब तुटते. पर याच्या वाटंत गरम पान्याचा भवरा हाय, पन्नास कोस रुंद. तितं ऊब लई खोल हाय, न कातरलेल्या मेंढीवानी. कितीबी घुसळलं तरी गार पानी लवकर वर येत न्हाई. वादळ तितं जोर धरंल अन् पाऊस आपल्यापतूर येईल.”

म्हाळूने मला फडक्यात गुंडाळले. मला भयंकर राग आला. धार लावून ठेवायचे आणि चालवायचे नाही! माणसे जेवून गेली. दोन दिवस लख्ख ऊन पडले आणि लोकांनी म्हाळूची यथेच्छ थट्टा केली.

तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आले. दिवसभर झोंबरा वारा आणि गार पाऊस. वादळ त्या भोवऱ्यावर बळावून किनाऱ्यावर चढले होते आणि त्याचे ढग आमच्या माळापर्यंत आले होते. मेंढ्या एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. पाऊस थांबल्यावर छबुबाईने त्या मोजल्या आणि ओरडली, “समद्या हायत!” माझा राग कुठल्या कुठे गेला. मला स्वतःचीच लाज वाटली.

पंधरा दिवसांनी सावड पुन्हा जमली आणि पुन्हा वादळाची बातमी आली. वाटही तीच. सुग्रीवअण्णांनी मला हातात घेतले आणि परत खाली ठेवले.

“म्हाळू, आदी पोरीला फोन लाव बे.”

गोव्याहून सुकन्या म्हणाली, “पैल्या वादळानं त्या भवऱ्याची ऊब ओढून नेली. गार पानी वर आलंय, समुद्रच कातरल्यावानी झालाय. हे वादळ ढिलं पडंल असं दिसतंय, पर दोन दिस दम धरा.”

दोन दिवसांत ते वादळ समुद्रावरच विरले. मग मी चालले, आणि काय चालले!

मित्रांनो, आम्हा अवजारांना तेल द्या, धार लावा, गंजू देऊ नका. पण आम्हाला थांबवायचे केव्हा, हेही शिकून घ्या, आणि ते सांगायला आलेल्या लेकीचे बोलणे पुरते ऐका. म्हाळूने ऐकले, म्हणून त्या दिवशी कातरायला एकशेवीसच्या एकशेवीस मेंढ्या होत्या.