सावकाशबाई

वहिनीने टेप स्वतःच्याच पोटाभोवती फिरवली, आकडा पाहिला आणि हसत पुन्हा एकदा मोजलं.

"दोन इंच वाढले. गिऱ्हाईक असतं तर सांगितलं असतं, बाई, कापड जास्तीचं आणा."

कोपऱ्यात बसून नणंद एका शर्टाला बटणं लावत होती. तिला विनोद कळून हसू फुटेपर्यंत वहिनीची टेप गुंडाळून खुंटीला लागलीसुद्धा.

"सावकाशबाई, आता पुढच्या विनोदाची वेळ झाली," वहिनी म्हणाली.

हे नाव तिनेच ठेवलं होतं. एके काळी नणंद दिवसाला तीन शर्ट उतरवायची. मग हात मंदावले, बेतताना चुका व्हायला लागल्या आणि हळूहळू तिच्या वाट्याला फक्त काज-बटणं उरली. चाळिशीही न गाठलेली बाई दुपारी बसल्या जागी पेंगायची. घरच्यांनी तिच्यावर आळशीपणाचा शिक्का मारला आणि वहिनीने दिलेलं नाव गल्लीभर झालं.

वहिनी स्वतः त्रेचाळीस वर्षांची. लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर, सगळ्यांनी विचारायचं सोडून दिल्यावर तिला दिवस गेले होते. नवरा बस चालवायचा. बातमी कळल्यापासून तो खड्डा दिसला की रिकामी बससुद्धा जपून घ्यायचा, आणि डेपोत उशिराबद्दल बोलणी खायचा.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट दाखवायला वहिनी दवाखान्यात गेली. सोबतीला नणंद होती.

"थायरॉइड थोडं कमी काम करतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सुरुवातीचे महिने बाळ तुमच्याच हार्मोनवर असतं, म्हणून गोळी चुकवायची नाही. सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. त्यानंतर तासभर चहाही नाही. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चार तासांनी."

"बाळाला काही...?" वहिनीचा आवाज एकदम लहान झाला.

"वेळेत सापडलंय. दर महिन्याला रक्त तपासू, लागेल तसा डोस बदलू. बरं, थंडी फार वाजते का?"

"नाही."

"केस गळतात? त्वचा कोरडी पडते?"

"नाही."

"झोपून उठलं तरी थकल्यासारखं वाटतं? गोष्टी चटकन आठवत नाहीत? चेहरा सुजतो?"

या वेळी वहिनीचं 'नाही' ओठांवरच राहिलं. तिने शेजारी पाहिलं. बाहेर ऊन तापलेलं असताना नणंद गळ्यापर्यंत स्वेटरची बटणं लावून बसली होती. पापण्या जड, भुवयांची टोकं विरळ झालेली. गिऱ्हाइकाचा एक खांदा अर्ध्या बोटाने उतरता असला तरी वहिनीला दारातूनच कळायचं. रोज हाताशी बसणाऱ्या माणसाकडे मात्र तिने इतक्या वर्षांत असं पाहिलं नव्हतं.

"डॉक्टर, हे सगळं मला नाही," ती म्हणाली. "हिला होतं."

"अगं वहिनी, मला काय धाड भरलीय? मी आहेच अशी."

"कधीपासून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

नणंद विचार करत राहिली. एरवी वहिनीने तिचं वाक्य केव्हाच पुरं करून टाकलं असतं. आज ती ओठ घट्ट मिटून थांबली.

"आठ-नऊ वर्षं झाली असतील," नणंद म्हणाली.

तीन दिवसांनी तिच्या रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी तो वाचून चष्मा काढला.

"तुमचं थायरॉइड तर जवळजवळ बंदच आहे. असं शरीर घेऊन तुम्ही रोज कामाला बसत होतात?"

नणंदेने कागद दोनदा वाचला. "म्हणजे मी आळशी नव्हते?"

"मुळीच नाही."

ती रडली नाही. तिने कागदाची बारीक घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि दोघी घराकडे निघाल्या.

"माझं चुकलं गं," वाटेत वहिनी म्हणाली. "तसलं नाव ठेवलं तुला."

"इतर लोक आळशी म्हणायचे," नणंद म्हणाली. "तू निदान सावकाश तरी म्हणालीस."

वहिनीला हसावं की रडावं ते कळेना. तिने दोन्ही केलं, भर रस्त्यात.

मग रोज सकाळी दोघी गोळी घेऊन चहाची वाट बघत बसायला लागल्या. भिडेखातर नवराही थांबायचा, आणि दर पाच मिनिटांनी घड्याळाकडे बघून सुस्कारा सोडायचा. वहिनीचा डोस मध्ये एकदा वाढला, मग आकडे ताळ्यावर आले. बाळाचीही वाढ अगदी मापात होती. दोन महिन्यांत नणंदेचा स्वेटर उतरला, आणि तिची जीभही सुटली. वहिनीने शिवलेली कॉलर उचलून ती म्हणाली, "ही वाकडी आहे."

"वाकडी नाहीये!"

"वाकडी आहे. उसव."

ती वाकडीच होती.

आठव्या महिन्यात एक गिऱ्हाईक कोटाचं महागडं कापड घेऊन आलं. वहिनीचे पाय सुजलेले, पोट टेबलाला अडणारं. नणंदेने काही न विचारता कापड पसरलं आणि खडूने रेघा मारल्या.

"वहिनी, तू जा, पड जरा."

वहिनीच्या तोंडाशी चार सूचना आल्या होत्या. त्या तिने गिळल्या. आतल्या खोलीत डाव्या कुशीवर पडून ती कान देऊन राहिली. बाहेर थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग कात्री चालू झाली आणि कुठेही न अडखळता कापडाच्या टोकापर्यंत गेली.