एक जूनच्या मुली

"दाखला देखीसन तारीख लिखू नको, अर्शिया. पोरनी मायले इचार."

शब्बीरमामू हे म्हणाले तेव्हा त्यांच्या तोंडात दोरा होता आणि नजर सुईच्या नेढ्यावर. अर्शिया दुकानाच्या पायरीवर बसून मोबाइलवर जिल्हा ज्युदो संघटनेच्या नोंदणीत आश्रमशाळेच्या अकरा मुलींची नावं भरत होती. मामू दिवसभर टेलर आणि संध्याकाळी ज्युदोचे सर. तळोद्याच्या बाजारामागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये त्यांनी तिलाही शिकवलं होतं, पार लोणखेड्याच्या कॉलेजसाठी राज्यस्पर्धेत खेळेपर्यंत.

"मामू, दाखलावर शाळाना शिक्का शे," म्हणत ती हसली आणि भराभर तारखा उतरवत गेली. अकरापैकी नऊजणी एक जूनला जन्मलेल्या. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. डोंगरातल्या पोराला पहिलीत बसवायचं तर गुरुजी सहा वर्षं भरतील अशी एक जून टाकून देतात, हे इथं सगळ्यांनाच माहीत.

त्याला चार वर्षं झाली. आता अर्शिया शहाद्यात राहते, मोटार-रिवाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्या जावेदच्या घरात. कडेवर दीड वर्षाची अतिका असते. जिल्हा संघटनेचा पत्रव्यवहार मात्र तिच्याकडेच राहिला, कारण इंग्रजी मेलला उत्तर द्यायला दुसरं कुणी पुढं येत नाही. आशिया खंडाच्या ज्युदोचा कारभार पाहणारी कचेरी कुठल्याशा दूरच्या शहरात आहे. बाही मनगटाच्या किती वर असावी, नखं किती कापावीत, वजन कधी करावं, सगळं तिथून ठरतं आणि दिल्ली-मुंबई करत अर्शियाच्या ओट्यावर, डाळीच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर येऊन पोचतं. जावेद जेवायला आला की विचारतो, "आज आशिया काय म्हनी ऱ्हायना? डाळ शिजाडानी परवानगी देस का?"

या दिवाळीआधी आशिया वेगळंच म्हणाला. पंधरा ते सतरा वर्षांच्या गटात त्या नऊजणींतल्या रविनाचं नाव आलं होतं. डिसेंबरात परदेशी स्पर्धा. फक्त शाळेच्या दाखल्यासोबत जन्माची नोंद हवी, आणि ती नसेल तर आईचं लेखी निवेदन.

ग्रामपंचायतीत नोंद नव्हतीच. रविना घरीच जन्मली होती. म्हणून अर्शिया अतिकाला घेऊन तळोद्याहून जीपमध्ये बसली. सोबत रविना. घाटभर अर्शियाचा एक हात पोरीच्या डोक्यामागं होता, जीपचा दांडा लागू नये म्हणून. दुसरी काळजी तिनं मनातच ठेवली. रविनाचा बाप वाहरू दिवाळीनंतर कुटुंब घेऊन गुजरातला ऊसतोडीला जातो. निवड झाली तरच पोरगी मागं ठेवीन, असं त्यानं मामूंना सांगून ठेवलं होतं. एकदा फडावर गेलेली मुलगी परत मॅटवर आलेली अर्शियानं पाहिली नव्हती.

रविनाची आई फुलीबाई अंगणात मका सोलत होती. तिला पावरी बोलीच येते, अर्शियाला पावरी येत नाही. मधे रविना.

रविना कधी झाली, असं विचारल्यावर फुलीबाई बराच वेळ बोलली. मधेच हसली, पोटावर हात ठेवून दाखवला. रविना ऐकत होती. मग एक कणीस उचलून त्याची पानं सोलायला लागली.

तिला नियम पाठ होता. दोन हजार दहाची मुलगी चालते, अकराची नाही; तिच्या दाखल्यावर दहा होतं. आणि मॅडमना पावरीतलं अक्षर कळलेलं नाही, हेही तिला दिसत होतं.

"आई म्हणते," रविना कणसाकडे बघतच म्हणाली, "जनगणनेचे गुरुजी घरातली माणसं मोजायला आले, तेव्हा मी पोटात होते. आई त्यांना म्हणाली, अजून एक येतंय. ते म्हणाले, पोटातलं लिहीत नाही. मग होळी झाली, आणि आई महूची फुलं वेचायला गेली तेव्हा मी झाले." मग तीच म्हणाली, "जनगणना अकरात होती ना, मॅडम?"

अर्शियानं मान हलवली. तिच्या डोळ्यांसमोर आला तो गेल्या वर्षीचा रविनाचा डावा खांदा. सतरा वर्षांच्या मुलीखाली सापडून निखळलेला. तेरा वर्षांच्या पोरीला तिनं स्वतः त्या गटात उतरवलं होतं, शिक्का बघून.

फुलीबाईनं अतिकाला मांडीवर घेतलं आणि हिची तारीख लिहिलीय का, असं विचारलं. अर्शियानं तारीख सांगितली, वेळही सांगितली, सकाळचे नऊ वाजून अठरा मिनिटं. ते ऐकून फुलीबाई इतकी हसली की अतिकाही हसायला लागली.

घाट उतरल्यावर अर्शिया आधी मामूंच्या दुकानात गेली.

"मामू, दहा लिखं ते कोनलेच कळाव नही."

मामूंनी खडूनं कापडावर रेघ ओढली. "तुले ते कळी गयं ना."

चार वर्षांपूर्वीची आठवण न देता त्यांनी कात्री उचलली. 

तिनं मेल लिहिला. तारीख चुकलेली आहे, चूक माझी आहे, मुलीची नाही. बाकीच्या आठजणींच्या तारखाही तपासून कळवते. तीन दिवसांनी उत्तर आलं, चार ओळींचं. दुरुस्ती मान्य. यंदा प्रवेश नाही. पुढच्या वर्षी मुलगी गटात बसते.

अर्शियानं ते उत्तर रविनाला वाचून दाखवलं. रविना म्हणाली, "मला एक वर्ष जास्तीचं मिळालं की, मॅडम." त्या संध्याकाळी तिनं मामूंनाच दोनदा आडवं केलं.

वाहरू रविनाला न्यायला आला तो कोयता गुंडाळूनच. सोबत आलेली फुलीबाई मधे पडली. काय म्हणाली ते रविनानं नंतर सांगितलं: तेव्हा हिला मोजली नाही, आता पुढच्या वर्षी मोजणार म्हणताहेत, तर मोजायला ती इथं असली पाहिजे. रविनाला न घेताच वाहरू गाडीकडे वळला. रविना आश्रमशाळेत राहिली.

अर्शियाला बरं वाटतं. डाळ वेळेवर शिजते, आठपैकी पाच आयांना विचारून झालं आहे, मुलीही दोघी-दोघींनी सरावाला येतात. पण अतिकाला दात येताहेत, ताप चढतो-उतरतो, आणि पंधरा दिवसांत तिला शहाद्याबाहेर पडता आलेलं नाही. आश्रमशाळेचा फोन लागत नाही आणि मामू मोबाइल वापरत नाहीत. ऊसतोडीच्या गाड्या अजून डोंगरातून उतरताहेत, माणसं भरून.

म्हणून तिचं तुमच्याकडे मागणं आहे. तळोद्यावरून जाणार असाल तर संध्याकाळी पाचनंतर बाजारामागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये जरा डोकवा. जाड दोऱ्यानं कॉलर शिवलेल्या, निळ्या ज्युदो-जाकिटातली मुलगी दिसली तर तिला हाक मारू नका, पडताना डावा खांदा वाचवते का तेवढं बघा. आणि नाही दिसली, तर शब्बीर टेलरच्या दुकानात जा. भिंतीवर खडूनं अर्शियाचा नंबर लिहिलेला आहे. तो लावा. कितीही वाजले असले तरी.